पेरणीआधीचे सात महिने

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात सप्टेंबरच्या अखेरीस सोयाबीनची काढणी सुरू होते आणि मक्याची मळणी ऑक्टोबरभर चालते. नोव्हेंबर लागेपर्यंत शिवार मोकळे होते. पुढची पेरणी एप्रिलच्या अखेरीस किंवा मे महिन्यात, आणि त्या रोपांची मुळे जमिनीतले पाणी व नत्र नेटाने ओढू लागायला जून उजाडतो. वर्षातले निदान सात महिने, जगातल्या अत्यंत सुपीक अशा विस्तीर्ण मक्याच्या पट्ट्यात, बहुतेक शेतांत एकही जिवंत मूळ नसते. शेतीशास्त्राने उरलेल्या पाच महिन्यांवर अपार कष्ट घेतले. संकरित वाण, खतांच्या मात्रा, दोन ओळींतले अंतर, रोग, किडी, तणनाशके या सगळ्यांवर कपाटेच्या कपाटे भरतील इतके लिहिले गेले. रिकाम्या सात महिन्यांत जमिनीचे काय होते आणि त्या काळात तिथे काही उगवत ठेवले तर काय बदलते, हे विचारणारी अभ्यासशाखा म्हणजे आच्छादन पिकांचा अभ्यास. या पुस्तकात तिच्याशी ओळख करून घ्यायची आहे.

आच्छादन पीक विकण्यासाठी घेतले जात नाही. दोन मुख्य पिकांच्या मधल्या काळात जमीन झाकावी, तिच्यात जारवा पसरावा, मोकळे सुटलेले नत्र कुणीतरी धरून ठेवावे, यासाठी ते पेरायचे आणि पुढच्या पेरणीच्या सुमारास संपवायचे. मराठी शेतकऱ्याला ही कल्पना परकी नाही. ताग किंवा धैंचा पेरून, फुलोऱ्याच्या सुमारास तो जमिनीत गाडणे आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलो आहोत. फरक आहे तो शेवटच्या पायरीत. हिरवळीचे खत नांगराखाली जाते. मक्याच्या पट्ट्यातले आच्छादन पीक मात्र बहुतेक वेळा जिथे वाढले तिथेच मारले जाते. मुळे जमिनीत जागच्या जागी राहतात आणि काड वर पसरून राहते. भंडारा-गोंदियाकडचे वाचक तर याहून जवळचे उदाहरण देतील. धान कापणीला यायच्या आधी, बांधीत ओल असतानाच, उभ्या पिकात लाखोळी फेकायची ही त्यांची उतेऱ्याची रीत. आयोवात ऑगस्टच्या शेवटी उभ्या मक्यावर विमानातून राय या तृणधान्याचे बी टाकतात, त्यामागचा हिशोब हाच आहे: पहिले पीक निघण्याआधी दुसऱ्याने जमीन धरलेली असावी.

हा पट्टा पूर्वी असा रिकामा कधीच नसे. गोऱ्या वसाहतकऱ्यांनी नांगर घालण्याआधी आयोवाचा सुमारे 80 टक्के भाग उंच गवताच्या प्रेअरीने व्यापला होता. ही गवते बहुवर्षायू होती. त्यांची मुळे खोलवर गेलेली असत, आणि वसंतात बर्फ वितळायला लागले की ती सर्वांत आधी जागी होत. आज त्या प्रेअरीचा एक हजारावा भागही शिल्लक नाही. तिच्या जागी सुमारे 2 कोटी 30 लाख एकरांवर मका आणि सोयाबीन आहे, म्हणजे राज्याच्या भूभागाचा जवळजवळ दोन तृतीयांश हिस्सा. पण प्रेअरी गेली आणि लगेच ही दोन पिके आली, असेही झाले नाही. मधल्या काळात मका, ओट आणि क्लोव्हर अशी फेरपालट सर्रास होती. ओट घोड्यांना लागे. क्लोव्हर हे आपल्या बरसीमच्या कुळातले द्विदल; ते ओटात पेरले जाई आणि ओट कापल्यावर शेत हिरवे ठेवी. इलिनॉय विद्यापीठाच्या आवारात 1876 साली सुरू झालेले मॉरो प्लॉट्स आजही चालू आहेत. एका तुकड्यात सतत मका, शेजारच्या तुकड्यांत फेरपालट, असा हा अमेरिकेतला सर्वांत जुना शेतीप्रयोग. त्यांच्याशेजारी विद्यापीठाने 1960 च्या दशकात ग्रंथालय बांधायला घेतले, तेव्हा इमारतीची सावली मक्यावर पडू नये म्हणून ते जमिनीखाली बांधले गेले. सतत मक्याच्या तुकड्यातली माती क्लोव्हर असलेल्या फेरपालटीतल्या मातीपेक्षा किती खंगली, हे त्या काही गुंठ्यांत दिसत आले आहे. अमेरिकी कृषी खात्यातले ए. जे. पीटर्स यांनी 1927 साली हिरवळीच्या खतांवर सविस्तर ग्रंथ लिहिला, तो या जुन्या व्यवस्थेतूनच.

मग ट्रॅक्टर आला आणि घोडे गेले, तशी ओटाची गरज संपली. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्यातले नत्र स्वस्त झाले आणि क्लोव्हरचीही गरज उरली नाही. सोयाबीनला बाजार होता. तीन-चार पिकांच्या जागी दोन राहिली, दोन्ही उन्हाळी. रिकामे सात महिने हे हवामानाने लादलेले नाहीत, गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांतल्या बाजाराने आणि यंत्रांनी ते तयार केले आहेत. या विषयात शिरताना एवढी गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. पुढे बियाणे, यंत्र आणि विमा यांच्या तपशिलात हरवायला होते, तेव्हा ती उपयोगी पडते.

या महिन्यांत नेमके काय घडते ते जवळून पाहू. आयोवाची काळी माती सेंद्रिय पदार्थाने भरलेली आहे. ऑक्टोबरात ती अजून उबदार असते, एप्रिल-मे महिन्यांत पुन्हा उबदार होते. उब आणि ओल मिळाली की मातीतले जिवाणू सेंद्रिय पदार्थ फोडतात, त्यातून अमोनियम सुटते, आणि दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. नायट्रेट पाण्यात पूर्ण विरघळते आणि मातीच्या कणांना चिकटत नाही. शेतात पीक असेल तर मुळे ते उचलतात. पीक नसेल तर ते पाण्याबरोबर खाली जाते. आणि या भागात ते फार खाली जातही नाही, कारण इथली मूळची पाणथळ जमीन लागवडीखाली आणण्यासाठी जमिनीखाली निचऱ्याच्या नळ्यांचे जाळे घातलेले आहे. पावसाचे पाणी नायट्रेट घेऊन चारेक फूट उतरते, नळीत शिरते, नळीतून चरात आणि चरातून नदीत जाते. शेतकऱ्याने खत बेताने टाकले तरी ही गळती पुरती थांबत नाही, कारण नत्राचा मोठा वाटा खुद्द मातीच सोडते. म्हणूनच ‘खत कमी करा’ हा सल्ला एकटा पुरा पडत नाही. नायट्रेट सुटते त्या वेळी ते उचलायला शेतात कुणीतरी असावे लागते.

या गळतीचे बिल शहरात येते. डे मॉइन शहर रॅकून आणि डे मॉइन या नद्यांचे पाणी पिते. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यातल्या नायट्रेट-नत्राची मर्यादा लिटरला 10 मिलिग्रॅम आहे. तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता नायट्रेटमुळे घटते, म्हणून ती घातली गेली. शहराच्या पाणीपुरवठा संस्थेला 1990 च्या दशकाच्या सुरुवातीलाच नायट्रेट काढण्याचे खास संयंत्र उभारावे लागले. 2015 मध्ये तिने नदीच्या वरच्या अंगाच्या तीन काउंट्यांमधल्या निचरा-मंडळांवर दावा लावला. 2017 मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. जून 2025 मध्ये नद्यांतले नायट्रेट इतके चढले की त्या भागात हिरवळींना पाणी घालायला बंदी करावी लागली. पाणी तिथेही थांबत नाही. ते मिसिसिपीतून मेक्सिकोच्या आखातात पोहोचते आणि तिथे शेवाळ माजवते. ते शेवाळ कुजताना तळाचा प्राणवायू संपतो. 2017 च्या उन्हाळ्यात असा प्राणवायूहीन पट्टा सुमारे 22,700 चौरस किलोमीटरचा मोजला गेला, म्हणजे गोव्याच्या सहापट.

आयोवाने 2013 साली नत्र आणि स्फुरद यांची गळती 45 टक्क्यांनी घटवण्याचे धोरण जाहीर केले. त्याला जोडलेल्या शास्त्रीय आढाव्यात एक ओळ आहे, जी या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाला पाठ असते: रायच्या आच्छादनाने नायट्रेट सरासरी 31 टक्क्यांनी घटते आणि त्यामागून येणाऱ्या मक्याचे उत्पादन सरासरी 6 टक्क्यांनी घटते. दोन्ही आकडे एकाच ओळीत आहेत, आणि ते नेहमी एकत्रच वाचावेत. पहिलाच सांगणारा प्रचारक आणि दुसराच सांगणारा विरोधक या शाखेत भरपूर भेटतील.

राय म्हणजे आपली मोहरी-राई नव्हे. ते गव्हाच्या जवळचे तृणधान्य आहे, आणि मक्याच्या पट्ट्यात आच्छादन म्हणून त्याचे राज्य आहे. त्याचे कारण त्याची थंडी सोसण्याची ताकद. गोठणबिंदूच्या जेमतेम वर तापमान असले तरी त्याचे बी रुजते, आणि 4 अंश सेल्सिअसच्या आसपास त्याची वाढ सुरू होते. ऑक्टोबरात मक्याच्या धसकटांत पेरलेले राय डिसेंबरात बोटभर असते आणि बर्फाखाली तसेच पडून राहते. एप्रिलमध्ये शेजारचे शेत अजून तपकिरी असताना त्याला फुटवे येतात आणि ते भराभर वाढते. एखादे रोप फावड्याने उपटून झटकले तर माती सहज गळत नाही; केसांसारख्या बारीक मुळांच्या जाळ्यात ती कणाकणाने अडकलेली असते. नायट्रेट अडवणारे आणि पावसाच्या माऱ्यात माती धरणारे साधन ते हेच. ओट आणि मुळ्याच्या काही जाती शरदात जोमाने वाढतात पण हिवाळ्यात मरतात. वसंतातल्या गळतीशी सामना करायला त्या उरत नाहीत. द्विदलांपैकी व्हेच मक्यासाठी नत्र कमावते, पण आयोवाच्या अक्षांशावर ऑक्टोबरात पेरून त्याला फारसा वेळ मिळत नाही. ओहायो किंवा दक्षिण इंडियानात चित्र बरेच वेगळे आहे.

आता राय कशाच्या आधी आहे, यावर सगळे अवलंबून असते. या शाखेतला खरा गाभा मला इथे वाटतो.

सोयाबीनच्या आधी राय असेल तर शेतकऱ्याला बरीच मोकळीक असते. सोयाबीनच्या मुळांवर गाठी येतात, हवेतले नत्र ती स्वतः मिळवते. रायने जमिनीतले नत्र ओढून घेतले तरी तिचे फारसे बिघडत नाही. त्यामुळे राय मे महिन्यापर्यंत, अगदी पोटरीत येईपर्यंत वाढू देता येते. बरेच शेतकरी उभ्या हिरव्या रायमध्येच सोयाबीन पेरतात आणि नंतर राय मारतात. त्याचे दाट काड जमिनीवर पसरले की तणांची पंचाईत होते. मक्याच्या पट्ट्यातले आजचे सर्वांत त्रासदायक तण म्हणजे वॉटरहेम्प. ते राजगिऱ्याच्या कुळातले आहे, त्याच्या एका मादी झाडाला लाखो बिया येतात, आणि एकामागून एक तणनाशक गटांना ते दाद देईनासे झाले आहे. त्याचे बी बारीक असते. उगवायला त्याला उजेड लागतो आणि दिवसरात्रीच्या तापमानातला फरक लागतो. काडाचा जाड थर या दोन्ही गोष्टी तोडतो. ज्यांनी पाण्यासाठी राय कधीच पेरले नसते, असे अनेक शेतकरी तणासाठी त्याकडे वळले, आणि पाण्याचा फायदा आपोआप झाला. सेंद्रिय शेतीत तणनाशक चालत नाही, तिथे राय फुलोऱ्यावर आले की जड रोलरने मोडून आडवे पाडतात. पेन्सिल्व्हेनियातल्या रोडेल इन्स्टिट्यूटने या यंत्रावर बरेच काम केले आहे. फुलोऱ्याच्या आधी रोलर फिरवला तर राय पुन्हा उठते. म्हणून पेरणी लांबते, आणि लांबलेल्या पेरणीची किंमत सोयाबीनला मोजावी लागते.

मक्याच्या आधी गोष्ट उलटी होते. कोवळ्या रायमध्ये कर्ब-नत्राचे प्रमाण बेताचे असते. ते निसवू लागले की कर्ब झपाट्याने वाढतो. असे काड कुजवायला जिवाणूंना नत्र लागते, आणि ते नत्र जिवाणू मातीतून घेतात, नेमके त्या आठवड्यांत जेव्हा मक्याच्या रोपालाही नत्र हवे असते. रोपे पिवळी पडतात. मरणाऱ्या रायच्या मुळांवर पिथियमसारख्या बुरशा पोसल्या जातात आणि त्या मक्याच्या रोपावर उतरतात. रायमध्ये घातलेल्या अंड्यांतून निघालेली लष्करी अळी (आपल्या मक्यावर आलेली अमेरिकन लष्करी अळी वेगळ्या जातीची आहे) राय मेल्यावर शेजारच्या कोवळ्या मक्याकडे वळते. म्हणून मका पेरण्याच्या दहा ते चौदा दिवस आधी राय मारावे, आणि पेरणीबरोबर थोडे नत्र द्यावे, हा सल्ला रूढ झाला. पण वसंतात पाऊस लागून राहिला, वाफसाच आला नाही, फवारणीचे यंत्र शेतात शिरू शकले नाही, तर ते दहा दिवस कुठून आणायचे? इथेच शेतकऱ्याची झोप उडते. पिकाची ती 6 टक्के घट बऱ्याच अंशी या आठवड्यांमध्ये ठरते.

उत्पादनाबद्दलचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, आणि त्यामुळे नवख्या वाचकाने गोंधळून जाऊ नये. 2017 साली मार्सिलो आणि मिगेझ यांनी अनेक प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण करून दाखवले की गवतवर्गीय आच्छादनाने मक्याच्या उत्पादनावर ठळक परिणाम होत नाही आणि द्विदलाने तर ते वाढते. 2023 मध्ये डाइन्स आणि सहकाऱ्यांनी उपग्रहांच्या आधारे मक्याच्या पट्ट्यातली खरीखुरी शेते पाहिली आणि आच्छादन असलेल्या शेतांत मका सुमारे साडेपाच टक्क्यांनी व सोयाबीन साडेतीन टक्क्यांनी कमी असल्याचे मांडले. माझ्या मते दोन्ही खरे आहेत. प्रयोग-क्षेत्रात राय वेळेवर मारले जाते. हजार एकरांच्या शेतात, पावसाच्या तडाख्यात, दर वेळी मारले जात नाही. प्रॅक्टिकल फार्मर्स ऑफ आयोवा ही शेतकऱ्यांची संघटना 1985 पासून याच दरीत काम करते आहे. तिच्या सदस्यांनी स्वतःच्या शेतांत वर्षानुवर्षे केलेल्या चाचण्यांतून असे दिसले की सराव झालेल्या हातांत ही घट बहुतेक नाहीशी होते. त्या सरावाला काही वर्षे लागतात, आणि त्या वर्षांचे नुकसान कोणी सोसायचे हा कळीचा प्रश्न आहे. बियाणे, पेरणी आणि फवारणी यांचा खर्च शेतकऱ्याचा. स्वच्छ पाण्याचा लाभ डे मॉइनच्या नळाला आणि आखातातल्या कोळ्यांना. आयोवात 2017 पासून आच्छादन पेरणाऱ्याला पीकविम्यात एकरी 5 डॉलरची सूट मिळते. ती चांगली सुरुवात आहे, पण खर्चाच्या मानाने फारच तोकडी आहे.

म्हणून प्रसाराचे आकडे संमिश्र आहेत. कृषी-गणनेनुसार अमेरिकेत 2012 मध्ये आच्छादन पिके सुमारे 1 कोटी 3 लाख एकरांवर होती, 2017 मध्ये 1 कोटी 54 लाख, आणि 2022 मध्ये 1 कोटी 80 लाख. आयोवात 2022 मध्ये ती सुमारे 13 लाख एकर होती. दहा वर्षांपूर्वीच्या मानाने ही मोठी मजल आहे, पण त्या 2 कोटी 30 लाख एकरांपुढे ती अजून काठालाच आहे.

शेतकऱ्यांमध्ये या विषयाला चेहरा दिला तो ओहायोतल्या कॅरोल गावच्या डेव्हिड ब्रँट यांनी. 1970 च्या दशकातच त्यांनी नांगर सोडला आणि आच्छादन पिके धरली. शेजारच्या शेतातली पिवळी चिकण माती आणि त्यांच्या शेतातली काळसर, भुसभुशीत माती शेजारी शेजारी ठेवून ते पाहुण्यांना दाखवत. निळ्या डंगरीतला त्यांचा एक फोटो समाजमाध्यमांवर ‘प्रामाणिक कष्टाचे काम’ अशा आशयाच्या ओळीसह जगभर फिरला. अनेक मराठी तरुणांच्या मोबाइलवरही तो आला असेल, माणूस कोण हे माहीत नसताना. 2023 च्या मे महिन्यात ते वारले. त्याच महिन्याच्या 1 तारखेला इलिनॉयमध्ये, नुकत्याच मशागत केलेल्या उघड्या शेतांवरून उठलेल्या धुळीने आंतरराज्य महामार्ग 55 वर काही क्षणांत समोरचे दिसेनासे झाले. 72 वाहने एकमेकांवर आदळली आणि आठ माणसे गेली. त्या दिवसाचा उल्लेख मी धास्ती घालायला करत नाही. उघडी जमीन हा शेताच्या बांधाआत मिटणारा प्रश्न नाही, याचा इतका स्पष्ट पुरावा दुसरा मला माहीत नाही.

या शाखेत एक मतभेद आहे, आणि तो मी मोकळेपणाने मांडतो. काही जण आच्छादन पिकाकडे मका-सोयाबीन पद्धतीतली दुरुस्ती म्हणून पाहतात: दोन पिके तशीच, मधली फट बुजवली. दुसऱ्यांना वाटते की खरा उपाय तिसरे पीक परत आणण्यात आहे. आयोवा राज्य विद्यापीठाच्या मार्सडन फार्मवर मॅट लीबमन यांनी 2000 च्या दशकाच्या सुरुवातीपासून दोन, तीन आणि चार वर्षांच्या फेरपालटी शेजारी शेजारी चालवल्या. ओट, क्लोव्हर आणि लसूणघास असलेल्या लांब फेरपालटीत खते आणि तणनाशके कितीतरी कमी लागली, आणि नफा मात्र तुलनेने तेवढाच राहिला. माझा कल या दुसऱ्या बाजूकडे आहे. पण ओटाला गिऱ्हाईक नाही, गुरे शेतावरून गेली, आणि शेतकऱ्याचे कर्ज पुढच्या मार्चला फेडायचे असते. तोवर राय पेरणारा शेतकरी निदान त्या सात महिन्यांतली माती वाचवतो, आणि ते काम मोलाचे आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकाने हे कशासाठी वाचावे? आपल्याकडे 40 लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर सोयाबीन होते, मुख्यतः विदर्भ आणि मराठवाड्यात, आणि खानदेशात व नाशिक-छत्रपती संभाजीनगर भागात मका वाढतो आहे. पीक तेच, पण रिकामा काळ वेगळा आहे. आयोवात त्या काळातली अडचण थंडीची, आपल्याकडे पाण्याची. ओलीत नसलेले सोयाबीनचे रान ऑक्टोबरपासून जूनपर्यंत उघडे असते, आणि मृगाच्या पहिल्या जोरदार सरी थेट उघड्या काळ्या मातीवर कोसळतात. राय आणून परभणीत पेरण्यात काही अर्थ नाही. आयोवापेक्षा पश्चिम कान्सास आणि नेब्रास्काचे अभ्यास आपल्याला जवळचे आहेत. तिथे पाऊस कमी, आणि पडीक काळात पेरलेले आच्छादन पुढच्या गव्हाची ओल पिऊन टाकते व उत्पादन घटते, असे वारंवार दिसले आहे. मराठवाड्यात हाच धोका पहिल्यांदा तपासावा लागेल. आपल्या बाजूला मात्र अनुभव आहे. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर यांनी नांगरणीविना ऊस आणि भात पिकवून दाखवला, नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा पद्धतीत मागच्या पिकाची मुळे गादीवाफ्यातच ठेवली जातात. दोन्ही ठिकाणी आच्छादनाचे निम्मे तत्त्व आधीच रुजले आहे.

पुढच्या प्रकरणांचा क्रम मातीतल्या नत्रापासून सुरू होऊन विमा आणि बाजारापर्यंत जातो. घाईत असलेल्या वाचकाने सोयाबीनपूर्व रायचे प्रकरण आधी वाचावे, मग मक्याचे. दोन्ही एका बैठकीत वाचली तर वेळेचे महत्त्व चटकन लक्षात येते. विद्यार्थ्यांनी आकड्यांबरोबर ठिकाण, पेरणीची तारीख आणि राय मारल्याची तारीख टिपून ठेवावी. या तीन नोंदींशिवाय उत्पादनाचा कुठलाही टक्का अर्थहीन आहे. आणि ज्यांच्याकडे स्वतःची जमीन आहे त्यांनी आयोवातल्या शेतकऱ्यांची चाचणीची रीत उचलावी. रान लांबीच्या दिशेने पट्ट्यांत विभागायचे, पट्टा एवढा रुंद की पेरणीयंत्र आणि मळणीयंत्र नेहमीसारखे चालावे. एका पट्ट्यात आच्छादन, शेजारचा उघडा, आणि अशा जोड्या किमान चार. कोणत्या जोडीत कोणता पट्टा आधी, हे चिठ्ठी टाकून ठरवायचे, म्हणजे चांगली जमीन नकळत एकाच बाजूला जात नाही. प्रत्येक पट्ट्याचे वजन वेगळे करायचे, आणि सप्टेंबरात सोयाबीनची पाने पिवळी पडू लागल्यावर उभ्या पिकात काय फेकायचे, तेवढे मात्र आपल्या पावसाकडे पाहून ठरवायचे.